जुन्या बाईकचा सायलेन्सर फुसफुसतोय? पेस्ट लावण्याआधी हे वाचाच!

सकाळी गाडीला किक मारली की इंजिनाजवळून ‘टिक-टिक’, ‘फुस-फुस’ असा आवाज येतो. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर तो कमी होतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून ‘फट-फट’ असे बार निघतात. बघणाऱ्याला वाटतं इंजिनाचं काम निघालं. कुणी कार्बोरेटर उघडायला सांगतं, कुणी टॅपेट सेट करायला. खर्च होतो, आवाज मात्र तसाच राहतो.

अशा वेळी दोष बऱ्याचदा अगदी साध्या जागी असतो. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या जोडातून गॅस गळत असतो. यामाहा आरएक्स १००, येझदी, जुनी बुलेट, सीडी १०० किंवा पंधरा-वीस वर्षं वापरलेली स्प्लेंडर, कुठलीही गाडी असो, वय झालं की हे दुखणं एकदा तरी येतंच.

मग ही गळती ओळखायची कशी? बाजारात मिळणारी पेस्ट लावली की काम होतं का? आणि एवढ्याशा फटीकडे लक्ष द्यायची गरज तरी काय? चला, समजून घेऊया.

जोड असतात तरी कुठे?

बहुतेक जुन्या मोटरसायकलींवर धुराच्या वाटेत मुख्य जोड दोनच असतात.

पहिला जोड इंजिनाच्या हेडपाशी. इथून बेंड पाईप सुरू होतो. हेड ॲल्युमिनियमचं आणि पाईप लोखंडाचा. दोघांच्या मध्ये एक गोल गॅस्केट असतं. बऱ्याच गाड्यांवर फ्लेंज आणि दोन स्टड-नट हे गॅस्केट दाबून धरतात.

दुसरा जोड बेंड पाईप आणि सायलेन्सर यांच्यामधला. इथे एक पाईप दुसऱ्यात सरकवलेला असतो आणि वरून क्लॅम्प आवळलेला असतो. काही गाड्यांवर बेंड पाईप आणि सायलेन्सर एकसंध असतात. तिथे हा जोड नसतो, पण वेल्डिंगच्या रेषेवर चीर पडू शकते.

कंपनीप्रमाणे रचना बदलते. येझदीच्या एकाच सिलेंडरला धुराची दोन तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडावर पाईप धरणारी मोठी खाचांची गोल रिंग असते. ती फिरवायला आकड्याचा पाना लागतो. छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवली तर खाचा तुटतात आणि सिलेंडरचे आटे जातात. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवर तर बेंड पाईप हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो, त्याला नट नसतातच. म्हणून ‘मित्राच्या गाडीला जे केलं तेच माझ्या गाडीला’ हा हिशेब इथे चालत नाही.

गळती होते तरी का?

याचं मुख्य कारण उष्णता. धातू तापला की फुगतो, थंड झाला की आकसतो. त्यात ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० सेंटीमीटर लांबीचा लोखंडी पाईप ३०० अंशांनी तापला तर तो साधारण दीड मिलिमीटर लांब होतो. गाडी रोज सुरू होते, रोज थंड होते. दरवेळी जोडावर ही ओढाताण होते. वर्षानुवर्षं हेच चाललं की गॅस्केट चेपून कडक होतं आणि नट सैल पडतात.

सकाळचा आवाज गाडी तापल्यावर कमी होण्याचं कारणही यातच आहे. धातू फुगला की फट तात्पुरती बुजते. आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असं मात्र नाही.

दुसरं कारण कंपन. सायलेन्सरला मागच्या बाजूला चॅसीशी जोडणारा ब्रॅकेट असतो. तिथला बोल्ट पडला किंवा रबर बुश झिजला, तर सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या दोन छोट्या स्टडवर येतं. अशा गाडीला कितीही नवी गॅस्केट घाला, महिनाभरात पुन्हा गळती सुरू होते.

तिसरं कारण गंज. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे अनेकांना माहीत नसतं. हे पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जातं. पण गाडी रोज फक्त दूध-भाजी आणायला दीड किलोमीटर जात असेल तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही. मग पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेरून क्रोम चकचकीत आणि आत मात्र चाळण, असंही होतं.

‘फट-फट’ बार का निघतात?

सायलेन्सरमधून धूर पाण्याच्या नळासारखा सलग वाहत नाही, तो झटक्यांनी येतो. फोर-स्ट्रोक सिंगल सिलेंडर इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल तर सेकंदाला १० झटके बसतात. टू-स्ट्रोकमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना २०.

प्रत्येक झटक्यामागे पाईपमध्ये क्षणभर दाब कमी होतो. जोडात फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे फटीतून धूर बाहेर येतो आणि हवा आतही जाते!

ॲक्सिलरेटर सोडल्यावर काही पेट्रोल अर्धवट जळून पाईपमध्ये येतं. तिथे त्याला फटीतून आलेली ताजी हवा मिळते. पाईप गरम असतोच. मग ते पेट्रोल पाईपमध्येच पेट घेतं आणि बार निघतो.

इथेच अनेकांची फसगत होते. बार निघतात म्हणजे कार्बोरेटर बिघडला, असं समजून जेट बदलले जातात, स्क्रू फिरवले जातात. नीट चाललेला कार्बोरेटर बिघडतो आणि गळती राहते ती राहतेच. कार्बोरेटरचं सेटिंग चुकल्यानेही बार निघू शकतात हे खरं, पण आधी जोड तपासणं सोपं आणि स्वस्त आहे.

दुर्लक्ष केलं तर?

फुस-फुस आवाज काय, कानाला सवय होते. पण धोका आवाजापुरता नाही.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं, म्हणजे शरीराला ऑक्सिजन मिळणंच कमी होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवताना हा धूर वाऱ्याने उडून जातो. पण शटर ओढलेल्या गाळ्यात, बंद पार्किंगमध्ये किंवा घराच्या पडवीत गाडी सुरू ठेवून ‘आवाज कुठून येतोय’ हे शोधत बसणं जिवावर बेतू शकतं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सुरुवातीची लक्षणं. तसं वाटलं तर लगेच मोकळ्या हवेत यावं आणि बरं वाटेना तर डॉक्टर गाठावा.

दुसरा मुद्दा पीयूसीचा. तपासणीत सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बनचं प्रमाण मोजतात. फटीतून बाहेरची हवा मिसळत असेल तर हे आकडे खरे येतच नाहीत.

तिसरा मुद्दा कायद्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० नुसार आवाज कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक वाहनाला असावाच लागतो. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यायची तर गाडी आरटीओला दाखवावी लागते. तिथे फटफटणारी गाडी घेऊन जाणं काही शहाणपणाचं नाही.

आणि खिशाचा हिशेब वेगळाच. सैल जोडात पाईप हलत राहतो, गरम गॅस एकाच जागेवर मारा करतो. हळूहळू स्टड झिजतो, हेडच्या आट्यांवर ताण येतो. गॅस्केट स्वस्त असतं. हेड उतरवून, भोक पाडून नवे आटे बसवणं महाग पडतं.

गळती नेमकी कुठे? घरच्या घरी ओळखा

ही तपासणी मोकळ्या जागेत करायची आणि गाडी थंड असताना सुरुवात करायची.

१. आधी नुसतं बघा. जोडाभोवती काळी काजळी पसरलेली दिसली तर गॅस तिथूनच निघतोय. टू-स्ट्रोक गाडीवर काळं, तेलकट ओघळ दिसतं. ते न जळलेलं ऑइल असतं.

२. गाडी सुरू करा आणि पातळ टिश्यू पेपरची पट्टी पकडीत धरून जोडाजवळ न्या. गळती असेल तिथे पट्टी फडफडेल. काही जण यासाठी अगरबत्ती वापरतात, पण शेजारीच कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी असते. तेव्हा अगरबत्ती नकोच.

३. इंजिन आयडलिंगवर असताना जाड हातमोजा घालून, ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन सेकंद झाका. आतला दाब वाढला की फट असलेल्या जागी ‘सुस्स’ असा आवाज स्पष्ट येतो.

४. गाडी बंद आणि पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हलकी हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. फुगे आले की जागा सापडली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अनेक सायलेन्सरच्या खालच्या बाजूला एक छोटंसं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. साचलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. गळती समजून ते बुजवलं तर सायलेन्सर लवकर कुजेल.

पेस्ट, सिलिकॉन, एपॉक्सी: कुठे काय चालतं?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो.

दोन कांड्या मळून लावायचं एपॉक्सी: पाण्याच्या टाकीला उत्तम, सायलेन्सरला निरुपयोगी. साधं एपॉक्सी एवढ्या उष्णतेत तग धरत नाही. जळतं, वास सुटतो आणि गळून पडतं.

लाल हाय-टेंप सिलिकॉन: हे साधारण ३०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. हेडजवळचा गॅस त्याहून कितीतरी गरम असतो. म्हणून हे हेडच्या जोडावर लावू नये. मागे, सायलेन्सरच्या जोडावर मात्र पातळ थर चालतो. टू-स्ट्रोकच्या तेलकट जोडावर ते उपयोगी पडतं, कारण ते रबरासारखं लवचीक राहतं.

एक्झॉस्ट पेस्ट किंवा सायलेन्सर सिमेंट: यात बहुधा सोडियम सिलिकेट आणि उष्णता सोसणारी भुकटी असते. उष्णतेने ती दगडासारखी घट्ट होते. एकात एक सरकवलेल्या पाईपच्या जोडाला ती छान चालते. पण वाळल्यावर ती ठिसूळ होते. जोड हलत असेल तर तडकतेच.

गॅस्केट: हेडच्या जोडाला खरा इलाज हाच. पेस्ट ही गॅस्केटची जागा घेत नाही. गॅस्केट दाबलं जाऊन दोन्ही बाजूंच्या बारीक खड्ड्यांत बसतं, म्हणून गॅस अडतो. आतून फायबर आणि वरून पत्रा असलेलं गॅस्केट एकदाच वापरायचं. ते एकदा चेपलं की पुन्हा चेपत नाही.

भरीव तांब्याची रिंग: ही मात्र पुन्हा वापरता येते. वापरून तांबं कडक होतं. ते मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केलं की पुन्हा मऊ होतं. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होऊ शकतं, तांब्याचं तसं नाही. ते पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. हे काम गाडीपासून आणि पेट्रोलपासून दूर करायचं, एवढी काळजी हवी.

काम करायचं कसं?

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. आदल्या रात्री स्टड-नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गरम इंजिनावर ते मारू नका, पेट घेऊ शकतं.

सकाळी नट एकदम जोर लावून सोडवायचा नाही. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग उलट फिरवा. पुन्हा थोडं आत, पुन्हा बाहेर. गंज असा हळूहळू सुटतो. इथे घाई केली आणि स्टड हेडमध्येच तुटला तर दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. नट हलतच नसेल तर तिथेच थांबून मेकॅनिकला दाखवणं स्वस्त पडतं.

मग मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट काढून पाईप उतरवा. काढताना सायलेन्सर लोंबकळू देऊ नका.

आता हेडच्या तोंडात टॉर्च मारून बघा. जुनं गॅस्केट आतच चिकटून बसलेलं असतं आणि काजळीमुळे ते हेडचाच भाग वाटतं. त्याच्यावरच नवं गॅस्केट बसवल्यामुळे ‘नवीन घालूनही गळतंय’ ही तक्रार येते. बारीक स्क्रूड्रायव्हरने ते सावकाश काढा. ॲल्युमिनियमवर ओरखडे पडू देऊ नका.

फार जुन्या गाडीच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ते कोरडं घासू नका, हवेने उडवू नका. पाण्याने ओलं करून काढा, तुकडे पिशवीत बांधून टाका आणि मास्क लावा.

दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करा. टू-स्ट्रोक असेल तर तेलाचा अंश उरता कामा नये. तेलकट जागेवर पेस्ट धरत नाही. पाईपचा काठ सपाट आहे का, फ्लेंज वाकलं आहे का, हे काचेच्या तुकड्यावर ठेवून तपासता येतं. वाकलं असेल तर आधी ते सरळ करून घ्यावं लागेल.

नवं गॅस्केट बसवा. ते घसरून पडत असेल तर ग्रीसचा एक ठिपका पुरतो. स्टडच्या आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावा, पुढच्या वेळी नट सहज सुटतील.

मागचा सरकता जोड सैल असेल तर आधी योग्य मापाची बाही किंवा पातळ पत्रा घालून फट कमी करा. मग पेस्टचा पातळ थर द्या. आतल्या बाजूला पेस्टचे गोळे राहू देऊ नका.

यानंतर महत्त्वाचा भाग म्हणजे आवळण्याचा क्रम. आधी सगळे नट-बोल्ट फक्त हाताने लावा. पाईप कुठेही ओढला न जाता आपल्या जागी बसला पाहिजे. मग हेडचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळला तर फ्लेंज तिरकं बसतं. त्यानंतर मधला क्लॅम्प आणि शेवटी मागचा ब्रॅकेट. आधी मागचा बोल्ट आवळून पाईप जबरदस्तीने हेडवर ओढला तर जोड कायम ताणात राहतो आणि लवकरच पुन्हा गळतो.

किती आवळायचं? ६ मिलिमीटरच्या स्टडला साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा बेताचा जोर. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडाच धरावा. ‘अजून थोडं’ म्हणत पाईप घालून पाना फिरवला की आटे गेलेच म्हणून समजा.

पेस्ट लावली असेल तर ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या. मग मोकळ्या जागेत गाडी दहा मिनिटं आयडलिंगवर चालवा आणि थंड होऊ द्या. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना नट एकदा तपासा. नवं गॅस्केट तापून थोडं बसतं, त्यामुळे नट सैल पडतात. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

पेस्टने भागणार नाही ते कधी?

पत्रा कुजून भोक पडलं असेल, बोटाने दाबल्यावर पापुद्रे निघत असतील, तर पेस्ट म्हणजे चार दिवसांची सोय. वेल्डिंग करता येतं, पण सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच. पेट्रोलची टाकी शेजारी असताना ठिणग्या उडवणं महागात पडेल. पत्रा फारच पातळ झाला असेल तर वेल्डिंगही धरत नाही, तेव्हा सायलेन्सर बदललेलाच बरा.

आणि हे सगळं जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी. नव्या बीएस-६ गाड्यांच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. सिलिकॉनची वाफ त्याला बिघडवू शकते आणि छोटी गळतीही त्याला चुकीची माहिती देते. तिथे घरगुती प्रयोग न करता सर्व्हिस सेंटर गाठावं.

थोडक्यात काय, तर आधी जागा शोधा, मग कारण शोधा आणि शेवटी पेस्टची ट्यूब उघडा. ब्रॅकेटचा एक पडलेला बोल्ट किंवा आत चिकटून राहिलेलं जुनं गॅस्केट एवढंच खरं दुखणं असू शकतं. तुमच्या ओळखीत कुणाची जुनी गाडी सकाळी सकाळी अशी फुसफुसत असेल, तर त्यांनी कार्बोरेटर उघडायच्या आत हा लेख त्यांना नक्की पाठवा!